नौदल असताना तटरक्षक दल वेगळं कशाला? लातूरच्या एका मुलाच्या प्रश्नाला उत्तर

लातूरला भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलानं विचारलंय: "काका, तटरक्षक दल म्हणजे छोटं नौदलच ना? मग वेगळं कशाला ठेवलंय? नौदलात नाही लागलं तर तिकडं फॉर्म भरा, असं क्लासमध्ये सांगतात. आणि आपल्या मराठवाड्यात समुद्रच नाही, मग आपल्या पोरांनी तिथं जाऊन करायचं काय?"

मी उदगीरचा. दलात नाविक म्हणून लागलो आणि प्रधान अधिकारी म्हणून निवृत्त झालो. मधली नोकरी जहाजांवर आणि किनाऱ्यावरच्या स्टेशनांवर गेली. त्यामुळं पुस्तकापेक्षा कामातलं जास्त सांगतो.

"छोटं नौदल" ही समजूत आधी काढून टाक, कारण त्यातच बाकीचा घोळ आहे. नौदलाची सगळी बांधणी शत्रूच्या नौदलाशी लढण्यासाठी असते. तटरक्षक दलाच्या जहाजासमोर रोज येणारा माणूस शत्रू नसतो. तो मासेमार असतो, तेलवाहू जहाजाचा कॅप्टन असतो, कधी तस्कर असतो, कधी दोन दिवस फळीला धरून तरंगणारा खलाशी असतो. त्यातल्या प्रत्येकाशी कायद्यानं वागायचं असतं. तोफ जहाजावर असते, गरज पडली तर चालतेही. पण आमच्या बहुतेक मोहिमांचा शेवट एक तर पंचनाम्यात होतो, नाही तर दवाखान्यात. दल संरक्षण मंत्रालयाखालीच आहे, ते सशस्त्र दलच आहे आणि युद्धाच्या वेळी नौदलाच्या खांद्याला खांदा लावून उभं राहतं. पण त्याचा जन्म शांततेच्या काळातल्या कामासाठी झाला.

तो जन्म कसा झाला हे थोडक्यात सांगतो. साठ-सत्तरच्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर सोन्याची आणि घड्याळांची तस्करी जोरात होती. कस्टम्सच्या बोटी तस्करांच्या बोटींपुढं कमी पडायच्या. त्यातच 1974 मध्ये मुंबई हायला तेल लागलं, म्हणजे समुद्राच्या मधोमध राखायला एक नवी मालमत्ता आली. प्रत्येक बारीकसारीक कामाला युद्धनौका पाठवणं परवडणारं नव्हतं, आणि ते योग्यही नव्हतं. मग के. एफ. रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख तेच, आणि जन्मानं आपल्या नागपूरजवळच्या कामठीचे. त्या समितीनं वेगळं दल हवं असं सांगितलं. 1 फेब्रुवारी 1977 ला नौदलाकडून मिळालेल्या दोन जुन्या फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका, आणि पाच गस्ती नौकांवर दलाचं काम सुरू झालं. 1978 मध्ये तटरक्षक दलाचा कायदा झाला. ब्रीदवाक्य ठरलं "वयम् रक्षामः".

त्या कायद्याचं 14 वं कलम शोधून वाच. आमची कर्तव्यं तिथं लिहिलेली आहेत: समुद्रातल्या तेलविहिरी आणि इतर बांधकामांचं रक्षण, संकटातल्या मासेमारांना संरक्षण आणि मदत, समुद्राचं प्रदूषण रोखणं, तस्करी रोखायला कस्टम्स आणि इतर खात्यांना साहाय्य, सागरी कायद्यांची अंमलबजावणी, आणि समुद्रावरच्या जिवाची व मालमत्तेची सुरक्षा. मुलाखतीच्या गाईडमध्ये हीच यादी पाठ करायला देतात. पाठ करून काही होत नाही. प्रत्येक ओळीखाली काय काय येतं, ते समजून घे.

आधी जागा समजून घे. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर, हा आपला प्रादेशिक समुद्र. तिथं देशाचा कायदा जवळजवळ जमिनीवरच्यासारखाच चालतो. 24 मैलांपर्यंत कस्टम्ससारख्या बाबतीत जादा अधिकार असतात. आणि 200 मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 370 किलोमीटर, आपलं अनन्य आर्थिक क्षेत्र. छत्रपती संभाजीनगरहून मुंबई रस्त्यानं जेवढी लांब, त्याहून हे अंतर थोडं जास्तच. तिथले मासे आणि तळातलं तेल आपलं. पण त्या पाण्यातून परदेशी जहाजाला जायला मनाई नाही. ते मासे पकडायला लागलं तर मात्र 1981 चा परदेशी मासेमारी नौकांचा कायदा लागतो आणि ते जहाज पकडून बंदरात आणता येतं. एकच जहाज, एकच खलाशी, पण ते कुठल्या मैलावर आहे त्यावर आपल्याला काय करता येतं ते बदलतं. म्हणून ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, कुणाला थांबवायच्या आधी पहिली नजर नकाशावर जाते.

पुरावा आणि कायदा यांचं वजन कळायला "अलोन्ड्रा रेनबो"चं प्रकरण घे. ऑक्टोबर 1999 मध्ये हे जपानी मालकीचं जहाज इंडोनेशियातून ॲल्युमिनियम घेऊन निघालं आणि चाच्यांनी पळवलं. खलाशांना त्यांनी तराफ्यावर सोडून दिलं. ते कित्येक दिवस समुद्रात तरंगत होते, शेवटी थायलंडच्या मासेमारांनी त्यांना वाचवलं. चाच्यांनी जहाज रंगवून नाव बदललं, "मेगा रामा" केलं आणि ते अरबी समुद्रात आणलं. आपल्या डॉर्नियर विमानानं ते हेरलं, तटरक्षक दलाच्या "ताराबाई"नं पाठलाग केला, नौदलाची "प्रहार" आली, गोळीबार झाला आणि नोव्हेंबरमध्ये जहाज ताब्यात आलं. पेटवून आणि पाणी भरून ते बुडवायचा प्रयत्न चाच्यांनी केला होता, तोही हाणून पाडला गेला. सगळ्या जगानं वाहवा केली.

पुढचं मात्र फार कुणाला माहीत नसतं. तेव्हा आपल्याकडं चाचेगिरीविरुद्ध स्वतंत्र कायदाच नव्हता. खटला भारतीय दंड संहितेच्या कलमांवर चालवावा लागला. 2003 मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात शिक्षा झाली आणि 2005 मध्ये उच्च न्यायालयात आरोपी सुटले. समुद्रावर जिंकलेली लढाई कोर्टात टिकली नाही. चाचेगिरीविरोधी कायदा संसदेत व्हायला 2022 उजाडलं. दलात नव्यानं आलेल्या प्रत्येक पोराला मी ही गोष्ट सांगायचो, कारण पकडणं हे निम्मंच काम आहे. जहाज कोणत्या अक्षांश-रेखांशावर थांबवलं, किती वाजता, रेडिओवर काय बोलणं झालं, माल कुठल्या कप्प्यात सापडला, सील कुणासमोर लावलं, हे सगळं जागच्या जागी लिहून ठेवलं नाही तर पुढं काही उरत नाही. आम्ही स्वतः खटला चालवत नाही. आरोपी आणि माल पोलीस, कस्टम्स किंवा अमली पदार्थ विभागाच्या हाती देतो. त्यांच्या हातात आपण काय देतो, त्यावर सगळं ठरतं.

आता बोर्डिंग, म्हणजे दुसऱ्याच्या बोटीवर चढून तपासणी, कशी चालते ते सांगतो. रडारवर एक ट्रॉलर, म्हणजे मासेमारीची यांत्रिक बोट, दिसतो. रेडिओच्या चॅनल 16 वर हाक मारायची, वेग कमी करायला सांगायचं. जहाजावरून जेमिनी, म्हणजे हवेची रबरी बोट, खाली सोडायची आणि पाच-सहा जणांनी जायचं. सगळ्या खलाशांना एका बाजूला, उघड्यावर बसवायचं. दोघं त्यांच्यावर नजर ठेवतात, एक जण कागद बघतो: नोंदणी, परवाना, प्रत्येकाचं ओळखपत्र. बाकीचे बर्फाच्या खणात आणि इंजिनाजवळ उतरतात.

खरी तपासणी कागदाच्या बाहेर असते. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, म्हणतो आठ दिवस झाले निघून, आणि खणात मासळी नाही, बर्फ मात्र भरलेला, तर विचारायला पाहिजे. डिझेलचे पिंप गरजेपेक्षा जास्त असतील तर विचारायला पाहिजे. एखाद्या जागचा रंग ओला वाटला, वेल्डिंग ताजं दिसलं, तर तिथं ठोकून बघायचं. आणि हात बघायचे. जाळं ओढणाऱ्याच्या बोटांवर दोरीचे वण असतात, तळवे घट्ट झालेले असतात. मऊ हाताचा माणूस "मी खलाशी आहे" म्हणाला की त्याच्याशी जरा जास्त वेळ बोलायचं.

पण शंभरातले बहुतेक ट्रॉलर सरळ, कष्टाचे असतात, हे कधी विसरायचं नाही. त्यांचं जाळं पाण्यात असतं आणि आपल्या तपासणीनं त्यांचा वेळ जातो. म्हणून बोलणं मऊ हवं. तांडेलला "दादा" म्हणायचं, त्याच्याकडं पाणी आहे का विचारायचं, कुणी आजारी असेल तर आपल्या औषधाच्या पेटीतून गोळ्या द्यायच्या. हा नुसता चांगुलपणा नाही. समुद्रावर आमच्यापेक्षा हजारपट जास्त डोळे मासेमारांचे आहेत. अनोळखी बोट पहिल्यांदा त्यांनाच दिसते. त्यांनी फोन करावा असं वाटत असेल तर त्यांना आपली भीती वाटता कामा नये.

26 नोव्हेंबर 2008 नंतर हे सगळ्यांनाच पटलं. हल्लेखोरांनी "कुबेर" ही पोरबंदरची मासेमारी बोट पळवली, तिच्यावरच्या माणसांना मारलं आणि रबरी बोटीतून ते मुंबईत उतरले. त्यानंतर व्यवस्था बदलली. संपूर्ण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडं आणि प्रादेशिक समुद्रातल्या किनारी सुरक्षेची तटरक्षक दलाकडं आली. राज्यांची सागरी पोलीस ठाणी त्या साखळीत जोडली गेली. दीपगृहांवर रडार आणि कॅमेऱ्यांची साखळी बसली, मासेमारांना ओळखपत्रं मिळाली, बोटींना राज्यानुसार रंग ठरले. सागर सुरक्षा दलं उभी राहिली, त्यात कोळीवाड्यातली माणसंच आहेत. आमची माणसं गावोगाव जाऊन मासेमारांच्या बैठका घेतात, ते याच कामाचा भाग म्हणून.

माझं मन सगळ्यात जास्त रमलं ते शोध आणि बचावात. त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

भारताकडं शोध आणि बचावासाठी सोपवलेला समुद्र सुमारे 46 लाख चौरस किलोमीटरचा आहे, आपल्या देशाच्या जमिनीपेक्षाही मोठा. त्याचा समन्वय तटरक्षक दल करतं. मुंबई, चेन्नई आणि अंदमानात त्याची केंद्रं आहेत. समज, पहाटे पाचला चहाच्या वेळी एका ट्रॉलरवर लक्षात येतं की एक खलाशी नाही. शेवटचा दोन वाजता कुणीतरी पाहिलेला. तीन तास बोट चालत होती. म्हणजे तो माणूस पंधरा-अठरा मैलांच्या रेघेवर कुठंही पडलेला असू शकतो. पडल्यापासून प्रवाह त्याला वाहून नेतोय. पाण्यातल्या माणसाचं फक्त डोकं वर असतं, म्हणून तो जास्त करून प्रवाहाबरोबर जातो. रिकामी होडी किंवा तराफा वाऱ्यानं जास्त ढकलला जातो. म्हणून काय शोधतोय त्यावर कुठं शोधायचं हे ठरतं.

हे गणित करायला आता संगणक आहे, आणि तो चालवणारी संस्था आपल्या नांदेडच्या पोरांना जवळची आहे. हैदराबादची "इन्कॉइस" ही संस्था दख्खनच्या पठारावर बसून समुद्राचे प्रवाह आणि वारे यांचे अंदाज काढते. तिनं बनवलेलं "सारट" नावाचं साधन माणूस किंवा बोट कुठं वाहून गेली असेल, ते क्षेत्र नकाशावर दाखवतं. त्या क्षेत्रावर डॉर्नियर पट्टे आखून उडतं, जहाज खालून शोधतं, आणि जवळून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनाही वळायला सांगतात. आंतरराष्ट्रीय नियमानं त्यांना संकटातल्या माणसाला मदत करावीच लागते.

मग उरतात डोळे. वारा असला की समुद्रावर पांढऱ्या फेसाच्या लाटा उठतात, आणि त्यात माणसाचं डोकं म्हणजे काळा ठिपका. सूर्य समोर आला की तोही दिसत नाही. लुकआउटवरचा माणूस थोड्या-थोड्या वेळानं बदलावा लागतो, कारण नंतर डोळे बघतात पण मेंदू टिपत नाही. त्या ठिपक्यानं नारिंगी लाइफ जॅकेट घातलेलं असलं तर सगळा हिशेब बदलतो. मासेमार जॅकेट घालत नाहीत, कारण जाळं ओढताना ते अडतं, घामानं अंग भिजतं. त्यांची अडचण खरी आहे. तरी प्रत्येक बैठकीत आम्ही तेच सांगायचो, आणि आजही सांगेन.

दुसरी गोष्ट इस्रोनं बनवलेल्या संकटसूचक यंत्राची. बोटीला आग लागली, पाणी शिरलं, कुणी आजारी पडलं, तर बटण दाबून उपग्रहामार्फत संदेश जातो. जुन्या यंत्रात संदेश पोचला की नाही हे तांडेलला कळत नसे. नव्या पिढीच्या यंत्रात पोच परत येते. बुडत्या बोटीवर "तुमचा निरोप मिळाला, मदत निघाली" एवढं कळणं काय असतं, ते तिथं असलेल्यालाच समजेल. फोन लागत असेल तर तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093, हे दोन नंबर किनाऱ्यावर शाळकरी पोरालाही पाठ असतात.

मे 2025 मध्ये कोचीजवळ "एमएससी एल्सा 3" हे कंटेनर जहाज कलंडलं. 24 जणांपैकी 21 जणांना तटरक्षक दलानं आणि शेवटपर्यंत जहाजावर थांबलेल्या तिघांना नौदलाच्या "सुजाता"नं वाचवलं. दोन दलं एकमेकांशी कशी जोडलेली असतात, ते यात दिसतं. जहाज मात्र 640 च्या आसपास कंटेनर घेऊन बुडालं, आणि प्लास्टिकचे बारीक दाणे केरळच्या किनाऱ्यावर येऊन पडले. तिथून आमचं पुढचं काम सुरू झालं.

प्रदूषणाबद्दल थोडंच सांगतो. मोठी तेलगळती झाली की राष्ट्रीय योजनेनुसार समन्वय तटरक्षक दलाकडं असतो. तेल पसरू नये म्हणून पाण्यावर तरंगतं कुंपण घालतात, यंत्रानं ते ओढून घेतात, काही ठिकाणी रसायन फवारतात. रसायनानं तेल डोळ्यांआड जातं, पण पाण्यात मिसळतं. म्हणून उथळ पाण्यात आणि कांदळवनाजवळ ते टाळायचं असतं. ऑगस्ट 2010 मध्ये मुंबई बंदराजवळ "एमएससी चित्रा" आणि "खलिजिया 3" यांची टक्कर झाली, तेव्हा तेल कांदळवनात शिरलं. चिखलात मुरलेलं तेल काढणं किती अवघड असतं, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. याउलट एक छान काम म्हणजे ओडिशाच्या किनाऱ्यावर दरवर्षी अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांची राखण. ट्रॉलर त्यांच्या वाटेत येऊ नयेत म्हणून आमची जहाजं आणि विमानं तिथं फिरतात.

आता तुझा तिसरा प्रश्न: मराठवाड्याचा यात काय संबंध? तुझ्या वडिलांनी पेरणीला घेतलेलं डीएपी, ट्रॅक्टरमधलं डिझेल, घरातलं पामतेल, यातलं बरंच काही जहाजानं आलेलं असतं. वजनाच्या हिशेबानं देशाचा 95 टक्क्यांच्या आसपास परदेशी व्यापार समुद्रावरून होतो. खताची रांग लांबली की आपण दुकानदाराला बोलतो, पण ते खत आधी कुठल्या तरी समुद्रातून सुखरूप यावं लागतं.

आणि दुसरं म्हणजे पाण्यातून माणूस काढायची विद्या जमिनीवरही लागते. 2019 च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडं तटरक्षक दलाची पथकंही गेली होती. सप्टेंबर 2025 मध्ये आपल्या धाराशिव आणि बीडकडं गावं पाण्यात अडकली, तेव्हा एनडीआरएफ आणि लष्कराला बोलवावं लागलं. वर्षानुवर्षं टँकरची वाट बघणाऱ्या मुलखाला पुरातून बाहेर कसं पडायचं हे ठाऊक नसतं. दलात शिकून सुट्टीवर आलेला एक पोरगा गावातल्या दहा जणांना दोर कसा फेकायचा आणि ट्यूब कशी धरायची हे शिकवू शकतो. मी हे उगाच म्हणत नाही, आपल्याकडं ते लागणार आहे.

राहिला फॉर्मचा प्रश्न. "नौदलात नाही लागलं तर तिकडं" असं सांगणाऱ्याचं ऐकू नकोस. अग्निपथ योजना लष्कर, नौदल आणि हवाई दलासाठी आहे. तटरक्षक दलाची नाविक भरती वेगळी चालते. सामान्य कामाच्या नाविकाला बारावी हवी, गणित आणि भौतिकशास्त्रासह. डोमेस्टिक, म्हणजे स्वयंपाक-वाढप अशा कामांच्या, शाखेला दहावी पुरते. यांत्रिकला दहावीनंतर इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा लागतो, आणि आपल्याकडच्या पॉलिटेक्निकमधून बाहेर पडणाऱ्या पोरांना ही वाट माहीतच नसते. वय साधारण 18 ते 22. धावणं 1.6 किलोमीटर, सात मिनिटांत, सोबत 20 उठाबशा आणि 10 पुशअप. हायवेवर पहाटे पळणाऱ्या आपल्या पोरांना हे जड नाही. मुलींसाठी सहायक कमांडंट, म्हणजे अधिकारी होण्याची वाट आहे, आणि पदवीला असलेल्या बहिणीला ती सांग.

आपली पोरं अडतात ती इतर ठिकाणी. रंगांधळेपणा आधीच तपासून घे. रात्री समोरच्या जहाजाच्या डाव्या बाजूचा दिवा लाल आणि उजवीचा हिरवा असतो, आणि ते जहाज कुणीकडं चाललंय हे त्यावरूनच कळतं, म्हणून तिथं सूट मिळत नाही. दात सांभाळ, गुटखा खात असशील तर आजच सोड. पोहायला शीक. आपल्याकडं पोरं पाठीला भोपळा नाही तर डबा बांधून विहिरीत शिकतात. तेही चालेल, पण कुणीतरी जाणतं माणूस काठावर असू दे.

सुरुवातीला बोट लागेल. ओकाऱ्या होतील, दोन-तीन दिवस अन्नाचा वास नको वाटेल. बहुतेकांची सवय होते, काहींची होत नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जहाज समुद्रात असलं की फोन लागत नाही, हे आईला आधीच सांगून ठेव. दिवाळीला घरी येशीलच असं नाही.

आणि भरतीसाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नकोस, मग तो कितीही ओळखीचा असो. निवड परीक्षा, मैदान, कागदपत्रं आणि वैद्यकीय तपासणी यांवर होते. त्यात कागदपत्रांवर पोरं हकनाक गळतात. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव, आधारवरचं नाव आणि रहिवासी दाखल्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते आत्ताच बघ. वडिलांच्या नावात एका ठिकाणी "राव" आणि दुसरीकडं नुसतंच नाव, असं आपल्याकडं घरोघरी असतं. ते तहसीलला जाऊन दुरुस्त करायला महिना लागतो, म्हणून जाहिरातीची वाट बघू नकोस.